ताई, नेहमीसारख्या बसा

समजा, तुमच्यासमोर खुर्चीत एक बाई बसली आहे. तिच्या डोळ्यांवर नवी फ्रेम, तुमच्या हातात बारीक टोकाचं पेन. फ्रेमच्या काचेवर, तिच्या बाहुलीच्या बरोब्बर समोर, एक ठिपका द्यायचाय. लांबचं, मधलं, जवळचं असं सगळं दाखवणारी लेन्स त्या ठिपक्यावरून बनणार. बाईनं हनुवटी जराशी उचलली, की ठिपका खाली पडतो आणि पुढे वाचताना तिला कोंबड्यासारखी मान ताणावी लागते. बघा, जमेल?

थोरलीला जमायचं. सासऱ्यांच्या चष्म्याच्या दुकानात खिडकीजवळचं मोजमापाचं टेबल तिचंच होतं. ही मापं शिकवणारा प्रगत अभ्यासक्रम निघाला तेव्हा सासऱ्यांनी आधी तिलाच विचारलं. "मला कशाला आता शाळा? हे मी डोळे झाकून करते," असं ती ठसक्यात म्हणाली, आणि धाकटी जाऊ गेली. मग लेन्स बनवणाऱ्यांनी कळवलं की यापुढे असल्या लेन्सची मापं फक्त प्रमाणपत्रवाल्यांकडूनच घेऊ. म्हणजे धाकटी पास झाली की टेबल तिचं, आणि थोरलीनं काउंटरवर डब्या न् पुसायची फडकी विकायची. जन्मभर लोकांच्या कानांमागे काड्या बसवल्या, आणि ही कानामागून आली न् तिखट झाली!

त्यात प्रात्यक्षिक परीक्षेला गिऱ्हाईक आपलं आपण न्यायचं होतं.

"ताई, तुम्हीच चला ना. नाहीतरी तुमचा चष्मा बदलायचाच आहे."

"चल की," थोरली म्हणाली. इतक्या पटकन, की सासूबाईंनी चमकून वर पाहिलं. "जावा जावा उभा दावा म्हणतात लोक. आमच्याकडे येऊन बघा म्हणावं!"

थोरलीनं मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. धाकटीच्या ठिपक्यानंतर परीक्षक स्वतः माप घेणार. धाकटीपुढे हनुवटी उचलायची, परीक्षकापुढे सरळ बसायचं. दोन मिलिमीटरचा फरक, आणि कारभार आटोपला.

परीक्षेच्या खोलीत ती तशीच बसली. हनुवटी वर, किंचितच. धाकटी पेन घेऊन वाकली, थबकली.

"ताई, नेहमीसारख्या बसा."

"मग कशी बसलेय?"

धाकटीनं पेन खाली घेतलं. "जरा उठा. दाराशी जाऊन या. हां, आता बसा. अहो, सकाळची गंमत सांगायचीच राहिली. मामंजी चष्मा कपाळावर ठेवून दुकानभर चष्मा शोधत होते. शेवटी गिऱ्हाइकानं दाखवला, तर 'शोधून दिलात' म्हणून त्यालाच सूट दिली!"

थोरली फिसकन हसली. हसता हसता मान तिच्या जागी आली, आणि तेवढ्यात पेन टेकून निघूनही गेलं होतं. आता हनुवटी उचलून उपयोग नव्हता. परीक्षकाचा ठिपका धाकटीच्या ठिपक्यावर असा बसला की दोन आहेत हे सांगावं लागलं असतं.

आता खिडकीजवळ धाकटी बसते. थोरली काउंटरवरून फडक्यांच्या घड्या घालत तिच्या हातांकडे बघत असते. काल एका म्हाताऱ्या मास्तरांना धाकटीनं उठवून चालवलं, हसवलं. त्यांच्यामागून आलेल्या बाईला मात्र नाही. थोरलीनं घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

"पुढच्या तुकडीत तुझं नाव घालू का गं?" सासऱ्यांनी विचारलं.

"बघू," ती म्हणाली. धाकटीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि गोड हसली. चोराच्या मनात चांदणं. विचारावं तर आपल्याच तोंडानं कबुली, न विचारावं तर घास गिळवत नाही. बसलेल्याला उठवायचं, हसवायचं, हे तिकडे सगळ्यांनाच शिकवतात, की त्या दिवशी हिनं मला ओळखलं होतं?