उथळ पाणी

कुवेतमधल्या फिंतासच्या धक्क्यावर फिरताना रोज एक मराठी बाई दिसायच्या. बारीक जाळं दोरीनं पाण्यात सोडायच्या, वर आलेलं बाटलीत भरायच्या आणि एक डोळा मिटून बाटली उजेडात धरायच्या.

न राहवून मी विचारलं, "कोळंबी का?"

"नाही हो, पाण्यात तरंगणारे बारीक जीव. नॉर्वेच्या खोल खाड्यांत यातलेच मोठे मिळायचे."

"इथे नाहीत?"

"मोठे दिवसा तळाच्या अंधारात लपतात, नाहीतर मासे त्यांना गट्ट करतात. इथे पाणी उथळ. लपायला जागाच नाही, तर मोठे टिकणार कसे?"

आमची पंधरा वर्षांची लेक वर्षभर स्वतःची खोली मागत होती. घरातल्या जादा खोलीत माझी ट्रेडमिल होती, शर्ट वाळत घालायला.

त्या संध्याकाळी मी शर्ट उचलले, ट्रेडमिल ढकलत हॉलमध्ये आणली. दार लावण्याआधी लेकीनं विचारलं, "बाबा, आर यू ओके?"