टिटवी आणि पगडी

सुनेने आज करवंदीच्या फुलांची डहाळी घरात आणली आणि त्या गोड वासासरशी मी राणीच्या अमदानीतल्या कल्याणच्या खाडीकाठी जाऊन पोहोचले.

माझं पहिलं मूल गेलं, त्यानंतर मी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. एका सकाळी हे म्हणाले, “चल, फिरून येऊ.” नवरा-बायकोने असं फिरायला जायची तेव्हा रीत नव्हती. आळी संपेपर्यंत हे पुढे आणि मी मान खाली घालून मागे. माळावर आल्यावर मात्र हे थांबले, मला बरोबर घेतलं आणि फुललेल्या करवंदीच्या जाळ्या दाखवल्या.

पुढे खड्यांमध्ये टिटवीची अंडी होती. “बघ तरी,” म्हणत हे वाकले, तोच टिटवी ओरडत अंगावर आली. ह्यांची पगडी उडाली आणि एरवी शाळेत करड्या शिस्तीचे मास्तर असलेले हे धोतर सावरत पळत सुटले. मला हसू फुटलं, ते थांबेचना. धापा टाकत हे म्हणाले, “हास गं, खूप हास.” मग तिथेच बसून मी पोटभर रडले.

शाळेतल्या पोरांना हे टिटवीच्या अंड्यांजवळ कधी फिरकू देत नसत. मग त्या दिवशी स्वतः का गेले? तेव्हा ही शंका माझ्या मनातही आली नाही. आता वाटतं, मुद्दामच गेले असणार.