आहे की गेला?

टेस्टरमामांचं खरं नाव गल्लीत कुणी विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत. शर्टाच्या खिशातून टेस्टरची वायर सदा लोंबत असते, तेवढी ओळख पुरे. मोटारींची वायरिंग हा त्यांचा धंदा. हॉर्न बसला, काच अडकली, दिवा लागेना किंवा विझेना, की लोक गाडी त्यांच्या गाळ्यासमोर आणून लावतात आणि मामा स्वतःशी पुटपुटत डॅशबोर्डखाली डोकं घालतात. गाडीशी त्यांचं तासन् तास बोलणं चालतं. माणसांशी बोलताना मात्र हा गृहस्थ असा तोलूनमापून बोलतो, की शब्दाशब्दाला मीटर पडतंय असं वाटावं.

हा धंदा मुळात दोघांचा. लग्न झाल्यावर मामी डबा द्यायला म्हणून गाळ्यात आल्या आणि तिथल्याच झाल्या. कुठल्या फ्यूजवर कुठला दिवा चालतो हे शोधायचं तर एकानं पुढे फ्यूज उपसायचा आणि दुसऱ्यानं मागे दिव्याकडे बघायचं. मामा पुढे, मामी मागे स्टुलावर. मामांनी फ्यूज काढला की मामी ओरडणार, "आहे!" म्हणजे दिवा जळतोय अजून. तो परत बसवायचा, पुढचा काढायचा. "आहे!" पुढचा. "गेला!" झालं, चोर सापडला. मामींचा शब्द कधी चुकला नाही. एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, "मामा, एकदा मागे येऊन बघून तरी घ्या." त्यावर मामा म्हणायचे, "तिनं सांगितलं ना." बायकोचं कौतुक त्यांनी आयुष्यात केलं असेल तर एवढंच, आणि तेही डॅशबोर्डखाली डोकं घालून.

मग लेकीला मुलगी झाली. लेक राहते लांब, विमानानं जावं लागतं इतकी लांब. मामी बाळंतपणाला गेल्या. बाळ मान धरू लागलं की येते म्हणाल्या. मग रांगू लागलं की. मग चालू लागलं की. आता नात घरभर धावते आणि मामी तिच्या मागे. लेक-जावई दोघंही नोकरीला, पोरीला सांभाळायला घरचं माणूस हवंच. चूक कुणाचीच नाही, आणि पंचाईत ती हीच. कुणावर तरी चिडता आलं असतं तर मामांना बरं वाटलं असतं.

रोज दुपारी मामींचा फोन येई, तोंड दिसणारा. "जेवलात?" "जेवलो." "गुडघे काय म्हणतात?" "आहेत जागेवर." एवढं झालं की मामा म्हणणार, "ठेवतो, गिऱ्हाईक आलंय." गिऱ्हाईक कसलं, पुष्कळदा गाळ्यात चिटपाखरूही नसे. पण तिचा चेहरा फार वेळ समोर राहिला की मामांच्या घशात काहीतरी अडकायचं, आणि ते बाहेर पडायच्या आत फोन ठेवलेला बरा. 'कधी येतेस?' हा प्रश्न जिभेवर यायचा आणि तसाच मागे फिरायचा. विचारलं आणि ती 'आता नाही जमायचं' म्हणाली, तर? न विचारता निदान ती येणार तरी होती.

अशातच एक दिवस दातांच्या डॉक्टरीणबाई आपली नवी गाडी सोडून गेल्या. नवी म्हणजे त्यांना नवी. तशी वापरलेली, कुणीतरी परदेशातून आणलेली. किल्ली काढून घेतली तरी मागचा एक लाल दिवा जळतच राहायचा आणि सकाळपर्यंत बॅटरी पार निजलेली असायची. असली गाडी मामांनी जन्मात पाहिली नव्हती. परक्या घरात दिव्याचं बटण शोधावं, तसे ते भिंती चाचपडू लागले. बॉनेट उघडलं. तिथला फ्यूजचा डबा सापडला, त्यातले फ्यूज एकेक करून पाहिले, पण दिवा ढिम्म. ब्रेकच्या पेडलमागचं बटण तपासलं, ते ठणठणीत. स्टिअरिंगखाली काही नाही. शेवटी समोरचा कप्पा सगळा खोलून बाहेर काढला, तेव्हा त्याच्या मागे दुसरा डबा दडून बसलेला दिसला. झाकणाच्या आत फ्यूजांचा नकाशा होता, पण कुठल्या मुलखाची लिपी कोण जाणे. 'दिवा' कुठला आणि 'पंखा' कुठला, देवालाच ठाऊक.

"बाईसाहेब, लपायला जागा बरी शोधलीत," मामा गाडीला म्हणाले.

म्हणजे आता एकेक उपसून बघायचं. मामांनी पहिला फ्यूज काढला, कण्हत बाहेर आले, वळसा घालून मागे गेले. दिवा जळत होता. परत आत जाऊन तो बसवला, परत बाहेर. गुडघ्यांनी जाहीर निषेध नोंदवला. शेजारच्या टायरवाल्याला हाक मारावी तर त्याच्याकडे ट्रक उभा. मामा गाडीला टेकून दम खात होते, तेवढ्यात फोन वाजला.

"जेवलात?" मामी म्हणाल्या. मग त्यांनी नीट पाहिलं. "एवढे घामाघूम का?"

मामांनी सांगितलं. मोजक्याच शब्दांत, पण सांगितलं.

"मग मला ठेवा की मागे," मामी म्हणाल्या. "पोर झोपलीय. स्टुलावर ठेवा आणि जा पुढे."

मामांना हे सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी त्यांनी म्हटलं नसतं. त्यांनी फोन स्टुलावर ब्रेकतेलाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि आत जाऊन डोकं घातलं. दुसरा फ्यूज उपसला.

"आहे!" मागून आवाज आला.

मामांचे हात क्षणभर थांबले. आवाज फोनमधून येत होता, जरासा चिरका, पण येत होता तिथूनच, जिथून तो यायला हवा.

"ऐकू आलं का? आहे म्हटलं!"

"आलं, आलं." तिसरा उपसला.

"आहे... अहो, गाळ्याचा काय उकिरडा केलाय! झाडत नाही का कुणी?"

"झाडतो." चौथा.

"आहे. दिसतंय झाडलेलं."

असं चाललं. फ्यूज, 'आहे', मध्ये चार गोष्टी. तोंड समोर नसल्यामुळे असेल, पण मामांचं मीटर त्या दिवशी बंद पडलं. आमटीत मीठ दोनदा पडतं, हे त्यांनी सांगितलं. रात्री रेडिओ चालू ठेवून झोपतो, हेही सांगितलं. मग सहावा की सातवा फ्यूज हातात असताना म्हणाले, "घरात शिरताना अजून 'आलो गं' म्हणतो मी. तोंडाची सवय. परवा शेजारीणबाईंनी विचारलं, कोण आलंय म्हणून."

मामांनी डॅशबोर्डखालून मान बाहेर काढली.

"अगं, आहे की गेला?"

"आहे," मामी म्हणाल्या.

डबा संपला. सगळे फ्यूज झाले आणि दिवा म्हणे जळतोच आहे. मामा चक्रावले. या गाडीत तिसरा डबा असणार, नाहीतर आपली अक्कल गहाण पडली असणार. काहीतरी राहिलं असेल म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एवढ्यात ट्रक मोकळा करून टायरवाला हात पुसत गाडीमागे आला. मामांनी दुसरा फ्यूज काढला.

"आहे!" मामी म्हणाल्या.

"गेला की!" टायरवाला ओरडला.

तो फोनपाशी वाकला.

"मामी, डोळे तपासून घ्या हं," टायरवाला हसत म्हणाला. "गेलाय तो चांगला."

मामा फ्यूज मुठीत धरून बाहेर आले, मागे आले. दिवा विझलेला होता. फोनमध्ये मामी भलतीकडेच बघत होत्या. टायरवाल्यानं मामांचं तोंड पाहिलं आणि त्याला एकाएकी आपल्या दुकानात काहीतरी काम आठवलं.

"मघाशीही गेला होता?" मामांनी विचारलं.

"तुम्ही पुढे गेल्यावर पहिल्यांदा काढलात तेव्हाच."

"आणि तू 'आहे' म्हणालीस. कामात खोटं बोललीस."

"हो," मामी म्हणाल्या. "काम झालं की तुम्ही फोन ठेवता. म्हटलं, नको व्हायला एवढ्यात."

मामांनी फ्यूज खिशात टाकला. ते कामाला लागले. सापडलेल्या फ्यूजची वायर धरून मागे मागे जात राहिले, तो डिकीच्या गालिच्याखाली आधीच्या मालकानं ओढलेली जास्तीची वायर निघाली. ती मूळच्या वायरीला घासून घासून दोघींची कातडी गेली होती आणि तांबं तांब्याला भिडलं होतं. मामांनी दोघींना वेगळं केलं, टेप गुंडाळली, फ्यूज जागेवर बसवला. दिवा विझलेलाच राहिला. सारा वेळ मामी स्टुलावरून बघत होत्या. काम झालं होतं.

मामांनी फोन हातात घेतला. रोज याच घटकेला ते फोन ठेवत.

"कधी येतेस?" ते म्हणाले.

मामींनी पदर डोळ्यांना लावला. "तीन वर्षांत आज विचारलंत. मला वाटायचं, माझ्यावाचून चाललंय तुमचं."

"नाही चालत."

"नातीची शाळा सुरू झाली की बघते," मामी हळूच म्हणाल्या आणि आपलेच शब्द ऐकून ओशाळल्या. मान धरली की, रांगली की, चालली की. त्याच माळेतला हा पुढचा मणी, हे दोघांनाही कळलं.

"मग तोवर मी येतो," मामा म्हणाले.

"तुम्ही? आणि गाळा?"

"गाळ्याला कुलूप लागतं."

"गिऱ्हाइकं जातील दुसरीकडे."

"जाऊ देत. अगं, मला राहवत नाही आता," मामा म्हणाले, आणि हे आपण बोललो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. घशात अडकायचं ते हेच होतं.

मामींनी डोळे पुसले. मग नाक ओढून, घर चालवणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणाल्या, "इकडे थंडी असते. जाडे कपडे घ्या. आणि त्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय, मला दिसतंय. लावून घेऊ नका कुणाकडून. तसाच घेऊन या."