घंटा पळवणाऱ्या गावाची पुली

"ही पुली मी बसवणार नाही!" असं म्हणून इटलीचा इंजिनिअर मार्को फरशीवर फतकल मारून बसला.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. वसमतजवळच्या सूतगिरणीत मी मेंटेनन्सला होतो. इटलीहून वाइंडिंग मशीन आली होती. वाइंडिंग म्हणजे छोट्या बॉबिनवरचं सूत मोठ्या शंकूसारख्या कोनावर गुंडाळायचं. ती जोडून द्यायला मार्को आलेला. सगळं झालं, एक पुली तेवढी राहिली. चेअरमनसाहेबांनी मला बजावलंच होतं, "आडे, सोमवारी ट्रायल. मशीन फिरली तर तू पर्मनंट. न्हाई तर तांड्यावर जाऊन कापूस येच."

"पुलीत खराबी काय?" मी विचारलं. त्याचं इंग्लिश तोडकं, माझंही तोडकंच, त्यामुळं बराबर जमायचं.

पुली जिथं बनली त्या गावाचं नाव तिच्यावर कोरलेलं होतं, ते त्यानं दाखवलं आणि सणसणीत शिवी हासडली. मग खडूनं फरशीवर नकाशाच काढला. वर डोंगराच्या सोंडेवर त्याचं गाव, मोंतेस्कुरा. दगडी घरं, भोवती चेस्टनटची झाडं. वर गहू पिकेना, म्हणून पूर्वी त्या फळांचंच पीठ दळून खायचे. खाली नदी, नदीवर एकच पूल, आणि पुलापाशी खालचं गाव, पुलीवर नाव असलेलं तेच. हिवाळ्यात मेंढरं मैदानात न्यायची तर त्याच पुलावरून. त्यामुळं खालचे शेफारलेले. कुठल्याशा लढाईत वरच्यांनी चर्चची घंटा त्यांच्याकडं सांभाळायला दिली. लढाई संपली, घंटा काही परत आली न्हाई.

"आणि रोज वाजवतात!" मार्को ओरडला. "आवाज दरीतून वर येतो. आमचीच घंटा!"

"कधीची गोष्ट?"

"चारशे वर्षं झाली."

खरं सांगतो, मला हसू आलं न्हाई. होळीची लाकडं पळवली म्हणून शेजारच्या तांड्यात आमी आजोबांच्या काळापासून पोरगी देत न्हाई. मी म्हणालो, "चोरांची पुली काहून लावायची? आमचा रशीदभाई लेथवर नवी बनवून देईल."

अन् तीच पुली पिशवीत घालून रशीदभाईच्या वर्कशॉपात गेलो. त्यानं नाव घासून काढलं, वर पॉलिश मारलं.

सोमवारी मार्कोनं ती खुशीत बसवली. मशीन अशी फिरली म्हणता! साहेबांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मार्को म्हणाला, "मला त्या कारागिराला भेटायचंय." न्यावंच लागलं.

वर्कशॉपात त्यानं रशीदभाईला मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले. "खालच्या गावाला सात जन्मांत अशी पुली जमणार नाही!"

रशीदभाई माझ्या कानात कुजबुजला, "अरे आडे, मैं तो सिर्फ नाम घिसा!"

"चुप बैठो भाई, नौकरी का सवाल है."

मी पर्मनंट झालो. काही सीझन गेले, पुली झिजली. इटलीहून मागवायची म्हटल्यावर रशीदभाई उखडला, "कायकू? पहली बी मैंच बनाया था ना?" आणि पठ्ठ्यानं खरंच बनवली, वर मोठ्या अक्षरांत 'वसमत' कोरलं.

पुढं कळमनुरीच्या एका गिरणीवाल्यानं तसलीच पुली मागितली. मशीनला गाव नसतं, पण फिटरला असतं; तिथला फिटर 'वसमत' वाचून अडून बसला तर? रशीदभाईकडून आणखी एक करून घेतली आणि लगेच पाठवली. आधी नाव घासून.