आईला यायचा तो वास

कोरोनात माझं नाक गेलं. तेव्हा बऱ्याच जणांचं गेलं होतं आणि महिन्या-दोन महिन्यांत त्यांचं परतही आलं. माझं आलं नाही. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, बायकोलाही नाही. मी परभणीच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. नळीतला वायू कुठला, हे तिथं आधी नाकानं ओळखायचं असतं. ज्या मास्तरला अमोनिया आणि अत्तर सारखंच, त्याची पोरं काय गत करतात ते मला ठाऊक आहे. मग मी युक्ती काढली. नळी पोरांपुढं धरायची, "सांगा, कसला वास?" म्हणायचं आणि त्यांनी सांगितलं की मान डोलवायची. चार वर्षं असं निभावलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूशही होतो.

माझ्याकडं एक जुनी कार्बोरेटरवाली गाडी आहे. बायको तिच्यात बसत नाही, तिला तिची स्कूटी बरी. त्यामुळं गाडीला कायमची सवारी एकच, ती म्हणजे आई. दर रविवारी मी तिला बोरीच्या विहारात नेतो. तिथल्या बायकांबरोबर वंदना, मग मावशीकडं जेवण आणि ऊन उतरलं की परत.

गेल्या हिवाळ्यात गार वाऱ्यामुळं आम्ही काचा लावून जायला लागलो. एका रविवारी आई म्हणाली, "गाडीत रॉकेलवानी वास यायलाय रे."

मी प्रयोगशाळेत हुंगतो तसं हुंगलो. "काही नाही आई. बाहेरचा असेल."

पुढच्या रविवारी तिनं पुन्हा तेच म्हटलं. मी जरा चिडूनच रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि बोनेट उघडलं. कार्बोरेटर ज्या जाड लोखंडी नळीवर बसलेला असतो, जिच्यातून पेट्रोल आणि हवा इंजिनात जाते, त्या मॅनिफोल्डवर एक तपकिरी डाग होता. बाकी सगळं खडखडीत कोरडं. गळत असेल तर ओलं दिसेल, असा माझा हिशेब. "बघ, टिपूससुद्धा नाही," मी तिला दाखवलं. तिनं वाकून बघितलं आणि ती परत गाडीत जाऊन बसली.

मग तिला चक्कर येऊ लागली. बोरीत गाडीतून उतरताना ती दाराला धरून उभी राहायची आणि सोमवारी दिवसभर डोकं दुखायचं. रविवारीच का, हे माझ्या डोक्यात आलं नाही. डोकं माझंही जड व्हायचं, पण ते मी गाडी चालवण्याच्या शिणावर ढकलायचो. वासाचं मात्र ती बोलायची बंद झाली. काही दिवसांनी मावशीकडून कळलं, की आई तिच्यापाशी रडली होती. "मला नसलेले वास यायलेत," असं म्हणाली होती. माझी आजी शेवटच्या दिवसांत नसलेल्या माणसांशी बोलायची. आपलंही तसंच सुरू झालं, असं आईनं धरून ठेवलं होतं.

मी तिला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मलाच विचारलं, "गाडीत खरंच वास येत नाही ना?"

"नाही. मी स्वतः बघितलंय," मी म्हणालो. आई शेजारीच बसली होती.

चक्कर आणि नसलेला वास, दोन्ही एकत्र आहे, तर डोक्याचा एमआरआय करून घेऊ, असं डॉक्टर म्हणाले. सोमवारी नांदेडला जायचं ठरलं. त्या आठवड्यात मी नीट जेवलो नाही. वर्गात फळ्याकडं तोंड करून उभा राहायचो आणि काय लिहायचं होतं तेच विसरायचो.

गाडी मिसिंग मारत होती, चालता चालता झटके खात होती, म्हणून नांदेडला निघण्याआधी शनिवारी दुपारी तिला जिंतूर रोडवरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडं नेलं. त्यांना मी चाचा म्हणतो. चाचा बिडी ओढत बसले होते. मी बोनेट उघडलं, ते दोन पावलं पुढं आले आणि तिथूनच मागं फिरले. बिडी लांब टाकून पायानं चिरडली.

"सर, गाडी बंद करा. चावी काढा आधी!"

मी चावी काढली. चाचा म्हणाले, "इतका पेट्रोलचा वास, आन् तुमी ह्याच्यात बसून आले?"

"हो, थोडा येतोय," मी सवयीनं म्हणालो.

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "थोडा? सर, तुमाला वास येत न्हाई का?"

चार वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माझ्या तोंडून सरळ "नाही" निघून गेलं.

"मग डोळ्यानं बघा," ते म्हणाले. त्यांनी इंजिन थंड होऊ दिलं. कार्बोरेटर, त्याच्यात येणारा रबरी पाइप, खालचं मॅनिफोल्ड, सगळं फडक्यानं कोरडं पुसलं. मग फळीवरचा तोंडाला लावायचा पावडरचा डबा घेतला आणि सगळ्यावर भुरभुरला. प्लगला ठिणगी जाऊ नये म्हणून कॉइलची वायर काढली आणि मला सेल्फ मारायला सांगितला. इंजिन नुसतं फिरलं. तेवढ्यात पंपानं पेट्रोल वर चढवलं.

"आता या हिकडं."

एखादं मिनिट काहीच दिसलं नाही. मग रबरी पाइप कार्बोरेटरला जिथं जोडलाय, तिथल्या क्लिपखाली पांढऱ्या पावडरीवर एक काळपट ठिपका उमटला. त्याची बारीक रेघ झाली, ती कार्बोरेटरच्या अंगावरून खाली आली आणि मॅनिफोल्डवर जाऊन साचली. त्या तपकिरी डागावरच.

"खाली डाग हाय, म्हणून कुणी मॅनिफोल्डचं पॅकिंग बदलत बसलं असतं. गळायलंय वरून," चाचा म्हणाले. "गाडी गरम असली की खाली पडल्या पडल्या उडून जातंय. म्हणून तुमाला वलं दिसलं न्हाई. आन् ते उडालेलं जातंय कुठं? आत, बसणाऱ्याच्या नाकात."

बाष्पीभवन मी दरवर्षी शिकवतो.

त्यांनी पाइप वाकवून दाखवला. रबराला भेगा पडल्या होत्या. नवा पाइप आणि नवी क्लिप बसवायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ मी बाकड्यावर बसून होतो. मधूनच हसू येत होतं. चाचांनी न विचारता पाण्याचा तांब्या पुढं केला. वास होता, खरा होता. आईच्या डोक्याला काही झालेलं नव्हतं. इतकं सुटल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मी तिथूनच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मला चांगलं झापलं, नांदेड पुढं ढकललं आणि काही दिवस वाट बघू म्हणाले. नंतर तिथं जायची वेळच आली नाही.

घरी आलो तेव्हा आई नांदेडसाठी पिशवी भरत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि नाकापासून पाइपापर्यंत सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे वास होता?"

"होता."

"पयल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

आता आपली धडगत नाही, असं मला वाटलं. पण तिनं हातातल्या लुगड्याची घडी नीट केली. मग म्हणाली, "मी विहारात समद्याजणीला सांगून बसले ना, माजं डोकं चाललं म्हणून. आता त्या माज्याशी लेकराशी बोलल्यावानी हळू बोलायल्यात. वंदना म्हणायला मला पुढं बसू देईनात. मी विसरीन म्हणत्यात."

मी पिशवीतले कपडे परत बाहेर काढू लागलो.

"उद्या तू सांग त्यायला."

"मी?"

"मग कोण सांगल, गाडी?"

दुसऱ्या दिवशी आम्ही काचा बंद करून बोरीला गेलो. आई उतरली ती दाराला न धरता. विहारात ती शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली. वंदना संपली तसा मी उभा राहिलो. मधल्या रांगेत माझ्या बारावीच्या वर्गातली एक मुलगी बसलेली दिसली. दिसली तर दिसली.

"आईला गाडीत वास येत होता, तो खरा होता," मी म्हणालो. "पेट्रोल गळत होतं. मला चार वर्षांपासून कसलाच वास येत नाही. ते मी लपवलं आणि वास नाही म्हणून तिला खोटं सांगितलं. तिचं डोकं ठणठणीत आहे."

मावशीच आधी ओरडली. "म्हंजे मागल्या रविवारी माज्या वरणाला लय भारी वास सुटला म्हणलास, ते?" सगळ्या हसायला लागल्या आणि ती मुलगी सगळ्यांत जास्त.

आई हसली नाही. ती उठली, बायकांमधून वाट काढत पुढं आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांच्या पुढं जाऊन बसली.

"मघाशी लय घाई केली तुमी," ती म्हणाली. "पुन्ना म्हणू."

तिनं हात जोडून सुरुवात केली आणि सगळ्या तिच्या मागून म्हणू लागल्या.