काकूची कुंची

बाळ नऊ दिसाचं हुतं. मी विट्याजवळ माहेरी, बाळंतपणाला आलते. आय वैरणीला गेलती, घरात मी आन बाळ दोघंच. ते सकाळधरनं रडतंय, पाजलं तरी रडतंय, खांद्यावर घेतलं तरी रडतंय. माजा तीन दिस डोळ्याला डोळा न्हवता. मी त्याचा दंड धरला आन आवळला. किती येळ, म्हाईत न्हाई. सोडला तवा माज्या बोटांचं वळ उठलं हुतं आन बाळाचा आवाजच निघंना. मला वाटलं, गेलं. मग निघाला आवाज, तवा मीबी रडले.

आयनं येऊन वळ बघितलं. "कोण आलतं गं?"

"काकू."

खोटं न्हवतं. काकू शेजारची, तिला मूलबाळ न्हाई, शाळंला जाताना माज्या येण्या तीच घालायची. आताबी रोज यायची, बाळ मांडीवर घेऊन मला म्हणायची, "जरा पड जा." त्या सकाळीबी आलती. पण मी तेवडंच बोलले.

आयनं बाळावरनं मीठ, मव्हऱ्या, मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. आमी दोघी खोकून बेजार. दुसऱ्या दिसापासनं काकू दारात आली की आय म्हणायची, "झोपलंय बाळ." बारशाला पलूसची सासरची माणसं आली, काकूला बोलावणंच न्हाई. तिनं शिवून दिलेली कुंची आयनं माळ्यावर टाकली.

रोज वाटायचं, आज सांगते. पण नवरा पलटणीत, फोनवर बाळाला बघून हसतोय, त्याला कळलं तर? सासूला कळलं तर? म्हणतील येडी हाय, बाळ काढून घेतील.

सव्वा महिना सरला. परवा आय बाजारला गेली, मी कुंची काढली, बाळाला घातली आन काकूकडं गेले. ती शेंगा फोडत हुती.

"झोपलंय न्हवं बाळ?" मान वर न करता म्हणाली.

"काकू, ते वळ माज्या बोटांचं हुतं."

ती शेंगा फोडायची थांबली न्हाई. "मिरच्यांचा ठसका हितपतोर आलता. खरी नजर असली तर ठसका येतोय व्हय? तुज्या आयला ठावं न्हाई का?"

मग हात पदराला पुसून तिनं बाळ मांडीवर घेतलं. कुंचीचं बंद हनुवटीखाली पुरंनात.

"बारशाला बसली असती," म्हणाली आन बंद सुटंच ठेवलं.

मी भिताडाला टेकून हुबी ऱ्हायले. जरा पड जा, असं काय ती म्हणाली न्हाई.