कॅमेरा दाराच्या अलीकडे

समीक्षा मॅडमनी अकरावीच्या वर्गापुढं हात टेकले होते. एका कथेवर मोबाइलवर छोटी फिल्म करा, एवढंच तर सांगितलं होतं! कथा पाठ्यपुस्तकातली, इवलीशी. गावात तार येते. फौजीची आई ती हातात घेते, पोस्टमनकडं बघते, घरात जाते आणि दार लावून घेते. बास, कथा तिथं संपते. तारेत काय होतं तेसुद्धा लेखक सांगत नाही.

"मॅडम, ही कथा अपुरी हाय," शिवतेज पहिल्याच दिवशी म्हणाला. "आत काय झालं ते लिवलंच न्हाई."

"अरे बाबा, तेच तर लिहिलंय! दार लागलं की आपण बाहेर थांबायचं."

घसा बसेपर्यंत सांगितलं. उपयोग? डोंबल! पहिल्या गटानं दार उघडलं आणि आईच्या रडण्यावर असं दणदणीत म्युझिक टाकलं, की रडणंच ऐकू येईना. दुसऱ्या गटानं लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कुणाच्या तरी मामाचा ड्रोन आणला आणि उसाची शेतं दाखवली. तिसऱ्यांनी तर फौजीला जिवंत करून त्याचं लग्न लावलं.

"अरे, हा परत आला कुठनं?"

"लोकांना हॅप्पी एंडिंग लागतंय, मॅडम."

मॅडम मूळच्या जतकडच्या. वडील बिरदेव मेंढरं घेऊन मुलूखभर हिंडायचे. दिवेलागणीला मेंढरं कोंडली की पोरांना गोष्ट सांगायचे, आणि गोष्ट ऐन रंगात आली की गप्प बसायचे. "फुडचं तुमचं तुमी बघा," म्हणायचे. त्या न सांगितलेल्या गोष्टींच्या पायी ही पोरगी तळमळायची, आणि त्यातूनच मराठीत एम.ए. झाली. रहिमतपूरच्या बाजूला एका कॉलेजात लागली. नवरा कुपवाडला कारखान्यात, घर विश्रामबागेत. शनिवारी घरी जायचं, सोमवारी अंधारातच निघायचं. एवढी धावपळ करून यायचं आणि बघायचं काय, तर ड्रोनमधला ऊस.

वर प्राचार्यांचा धोशा चालूच होता. "हे शूटिंग-बिटिंग पुरे, मॅडम. प्रश्नोत्तरं लिहून घ्या." मॅडमनी हातापाया पडून एक वर्ष मागून घेतलं होतं. त्यात एक तरी धड फिल्म निघायला हवी होती, नाहीतर पुन्हा गाईडमधली प्रश्नोत्तरं.

उरला शेवटचा गट, शिवतेज आणि साक्षीचा. आता या दिवट्यांनी काय केलं, ते ऐका. तार हल्ली कुठली यायला? म्हणून यांनी तारेच्या जागी फ्लेक्स करायचं ठरवलं. खरंच आहे म्हणा, आपल्याकडं वाढदिवस असो की दहावं, फ्लेक्स लागल्याशिवाय कुणाला पटतच नाही. फौजीचा फोटो पाहिजे, तर साक्षीनं आपल्या सख्ख्या भावाचा दिला, विश्वजीतचा, वर्दीतला. तो तिकडं बॉर्डरवर. फ्लेक्सवाल्यानं नेहमीच्या डिझाइनवर फोटो चिकटवला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल समस्त ग्रामस्थ'. आणि सकाळी गडबड नको म्हणून शिवतेजनं तो आदल्या संध्याकाळीच एसटी स्टँडवर बांधून टाकला. कोपऱ्यात 'शूटिंगसाठी' असं लिहावं, एवढी अक्कल एकालाही सुचली नाही.

सकाळी गावातल्या दुकानांची शटरं उघडलीच नाहीत. भजीवाल्यानं पेटवलेली शेगडी विझवली. घराघरातल्या स्टेटसला विश्वजीतचा फोटो लागला. साक्षीच्या घराचं दारच फिल्ममध्ये दाखवायचं होतं, म्हणून तिचा मोबाइल अंगणात तिपाईवर लावून, रेकॉर्डिंग चालू करून ही दोघं फ्लेक्स सोडून आणायला गेली होती. तेवढ्यात बाया अंगणात येऊन बसल्या. साक्षीची आई सुलाबाई वैरणीचा भारा घेऊन रानातनं आली. डोळ्याला पदर लावलेल्या बाया बघून जागीच थांबली.

"काय झालं गं?"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी एकीनं हुंदका देत नाव घेतलं, "इस्वजीत..." सुलाबाईनं भारा खाली टाकला, घरात गेली आणि दार लावून घेतलं.

साक्षी धावत आली. दारावर धडाधडा हात मारत ओरडली, "आई, खोटं हाय गं! आमचं शूटिंग हाय!" दार उघडलं नाही. विश्वजीतचा फोन लागेना, तिकडं रेंज नसते. दिवस मावळायला आला तेव्हा लागला. साक्षीनं खिडकीच्या गजातनं मोबाइल आत धरला. "आई, जेवलीस का गं?" त्याचा आवाज आला, तेव्हा कुठं कडी निघाली.

दुसऱ्या दिवशी सरपंच लालासाहेब कॉलेजात हजर. "आवं मॅडम, मराठी शिकवताय का जित्या माणसांना श्रद्धांजल्या वाहताय?" मॅडमना जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं. प्राचार्यांनी बजावलं, "उद्या पालकांची मीटिंग आहे. दाखवण्यासारखं काही असेल तर आणा. नाहीतर हे सगळं बंद."

दाखवणार काय, कपाळ! मॅडमना पोरांचा राग आला, फ्लेक्सवाल्याचा आला, स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला. तेवढ्यात शिवतेज खालमानेनं आला.

"मॅडम, काल मोबाइल चालूच ऱ्हायला हुता. समदं आलंय. सुलाकाकू आत जात्यात, दार लावत्यात... आन् आतलं रडणं बी ऐकू येतंय."

ना म्युझिक, ना ड्रोन! वर्षभर जे पोरांकडं मागत होत्या, ते आयतं समोर आलं होतं. त्यांनी साक्षीला व्हरांड्यात गाठलं.

"साक्षी, ते मला दे. एकदा दाखवलं ना, सगळ्यांची तोंडं बंद होतील."

"डिलिट केलं, मॅडम."

"काय?" मॅडमचा आवाज चढला. "अगं वेडे! वर्षभर मी मरमर मरतेय ती कशासाठी? एवढी एकच तर खरी गोष्ट हाती लागली होती!"

"आईचं रडणं हुतं त्यात."

"म्हणूनच तर हवं होतं!"

साक्षीनं मान वर केली. उद्धटपणा नव्हता तिच्या चेहऱ्यावर, उलट तिला मॅडमचंच नवल वाटत होतं. "पण मॅडम, तुमीच म्हणला हुता न्हवं, दार लागलं की आपण भाईर थांबायचं?"

घंटा झाली आणि पोरगी वर्गात निघून गेली.

मीटिंगमध्ये दाखवायला काही नव्हतं. शूटिंग बंद झालं. सोमवारी मॅडमनी गाईड उघडलं आणि फळ्यावर पहिला प्रश्न उतरवला : 'दार लावून घेतल्यावर आईने काय केले असेल? कल्पनेने लिहा.' वर्ग माना खाली घालून भराभर लिहायला लागला. साक्षी तेवढी फळ्याकडं बघत बसली होती, आणि तिच्यामागं शिवतेज.

मॅडमनी डस्टर घेतलं आणि प्रश्न पुसून टाकला.